म्हात्रेबाईंबरोबर तीन थडगी

टूर लीडर म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई फुकटात जग फिरली. फिरले, खोटं कशाला बोलू! पण तेवीस वर्षांत मी जगातलं सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर माणसांची डोकी. बसमध्ये चढताना चोवीस, उतरताना चोवीस, देवळात शिरताना चोवीस आणि बाहेर येताना तेवीस. तो चोविसावा कुठे राहिला ते शोधून काढणं, ही माझी नोकरी.

पनवेलला एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमच्या कंपनीचं ऑफिस. तिथून आम्ही माणसं गोळा करून परदेशी न्यायचो. देवळं, थडगी, राजे यांच्याबद्दल बोलायला त्या देशातला गाइड असतो. टूर लीडरने उरलेल्या सगळ्याबद्दल बोलायचं. पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, भाजीत नसलेलं तिखट, शेजारच्या खोलीतलं घोरणं. बसमधल्या पुढच्या जागा रोज बदलून द्यायच्या, म्हणजे कुणी रुसत नाही. तरी रुसतातच. पिरॅमिडसमोर उभं राहून 'याला गच्ची आहे का' असं विचारणारे गृहस्थ मी सांभाळलेत, आणि विमानातल्या ट्रेवर पोळीचा लाडू वळणाऱ्या बाईही.

संपादकांनी सांगितलं होतं, अशाच गमतीजमती लिहा. पण मला एकाच सहलीबद्दल लिहायचंय. इजिप्तची, सहा रात्रींची. त्या सहलीनंतर माझं परदेशी जाणं बंद झालं. मला त्याचं वाईट वाटत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

कुसुम म्हात्रे ऑफिसात आल्या तेव्हा मी काउंटरवर होते. त्रेसष्ट वय, फिकट निळी साडी, हातात पांढरी काठी. लहानपणी देवी आल्या आणि त्यात दृष्टी गेली. पुढे एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून सबंध नोकरी केली आणि रिटायर झाल्या. राहायला रोडपालीला, भाच्याच्या बिल्डिंगमध्ये, पण स्वतःच्या घरात. त्यांचा आवाज ऐकताच मला वाटलं, आता ही बाई 'कृपया लाइनवर थांबा' म्हणणार.

"इजिप्तच्या सहलीत एक जागा हवी आहे," त्या म्हणाल्या. "बरोबर कुणी नाही. एकटीच."

मागोमाग भाचा धावत आला. रिक्षाचे पैसे देण्यात मागे राहिला होता. "मॅडम, तुम्हीच समजवा आत्याला. दिसत नाही, तर तिकडे जाऊन करणार काय?"

म्हात्रेबाई त्याच्याकडे वळल्या आणि ऑफिसातला तो घोटीव आवाज क्षणात गेला. "तुला दिसतंय ना? मागच्या सालात सिंगापूरला गेलास. काय बघलास सांग. मॉल बघलास!"

आमचे मालक केबिनमधून बाहेर आले. आधी सोबतीण आणा म्हणाले, मग डॉक्टरचं पत्र आणा म्हणाले. म्हात्रेबाईंनी पर्समधून डॉक्टरचं पत्र काढून ठेवलं. ते आधीच आणलेलं होतं. शेवटी मालकांनी मला आत बोलावून सांगितलं, "घ्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर घ्या. काही झालं तर मी तुम्हाला ओळखत नाही." मी कागदावर सही केली. तो शूरपणा नव्हता. जूनमधलं बुकिंग कमी होतं आणि मला ही बाई आवडली होती, एवढंच.

खोलीत त्यांच्याबरोबर राहायला कुणी तयार होईना, म्हणून मीच राहिले. लीडरने प्रवाशाबरोबर खोली घ्यायची नाही असा नियम होता. तो पहिला नियम मोडला.

कैरोला पहिल्या दिवशी गिझाचा पिरॅमिड. आमचा तिथला गाइड मगदी, चाळिशीचा, इतिहास शिकलेला आणि उन्हाने रापलेला. त्याने उंची सांगितली, दगडांचं वजन सांगितलं. लोकांनी आकडे ऐकले आणि फोटोला वळले. म्हात्रेबाई म्हणाल्या, "सुजाता, मला आकडे नकोत. याची एक बाजू चालव."

त्यांनी माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही निघालो. पायथ्याचा एकेक दगड त्यांच्या छातीइतका. चालता चालता त्यांची काठी त्या दगडांवर टकटक वाजत होती. ऊन डोक्यावर. अर्ध्यावर त्यांनी विचारलं, "अजून तोच हाय?" मी म्हटलं, तोच. थोड्या वेळाने परत, "अजून?" कोपऱ्यावर पोहोचलो तेव्हा त्या घामाने निथळत होत्या, आणि हसत होत्या. "आता कळला," म्हणाल्या. "पायात कळला."

बस वीस मिनिटं थांबली. आमच्यात सबनीस नावाचे एक निवृत्त अधिकारी होते. नवीन पनवेलला राहणारे, पत्नीसह आलेले. सहलीचा कार्यक्रम त्यांनी छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणला होता. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "सुजाताताई, तेवीस माणसांचा वेळ एका माणसासाठी?"

त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. वेळ सगळ्यांचा असतो, आणि तो वाटून देणं हेच माझं काम होतं. मी "सॉरी" म्हटलं. टूर लीडर दिवसातून पन्नास वेळा सॉरी म्हणते, त्यातलंच एक.

कैरोहून अस्वानला आणि तिथून बसने एडफूचं देऊळ करत आम्ही लक्सरला आलो आणि दुसऱ्या दिवशी कार्नाकला गेलो. तिथे खांबांचं एक दालन आहे. खांब म्हणजे किती मोठे? मी तिथे कितीदा तरी गेले होते, पण मला ते कधी सांगता आलं नव्हतं. खांबांना हात लावायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. लाखो लोकांच्या हातांचा घाम लागला तर कोरीवकाम राहील का? म्हात्रेबाई दालनात उभ्या होत्या आणि वर कुठेतरी पारवे घुमत होते. त्या म्हणाल्या, "आवाज पार वर जाऊन परत येतोय. पण जाडी कळत नाय."

मगदीने थोडा विचार केला. मग बाहेरच्या मोकळ्या चौकात त्याने आमच्यातल्या सात जणांना हात पसरून, बोटांना बोटं लावून गोल उभं केलं. "हा एक खांब," तो म्हणाला. म्हात्रेबाई त्या गोलाभोवती प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत चालल्या. एक फेरी झाली, मग दुसरी. "बाबो!" त्या म्हणाल्या. "हा एकच? आणि आत असे किती?" मगदीने आकडा सांगितला तेव्हा त्या मटकन जवळच्या कट्ट्यावर बसल्या.

त्या सात जणांत सबनीसांच्या पत्नीही होत्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. सबनीस स्वतः सावलीत उभे होते.

परत निघताना एक पहारेकरी मागून आला. आजूबाजूला बघत त्याने मला खूण केली. मागच्या भिंतीपाशी या, बाईंना कोरीवकामाला हात लावू देतो, मला काय ते द्या. मी पर्स उघडणारही होते. मोडून मोडून आता आणखी एक नियम, असं माझ्या मनात आलं. म्हात्रेबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज एकदम ऑपरेटरचा. "त्यांना सांग, आभारी आहे. मला दिसत नाही म्हणून मी भिंत खराब करायची का? नियम मलाही तोच."

मी पर्स बंद केली. मला थोडी लाज वाटली.

त्या संध्याकाळी जेवणाआधी हॉटेलच्या लॉबीत मालकांचा फोन आला. सबनीसांनी तक्रार लिहून अकरा जणांच्या सह्या घेतल्या होत्या आणि फोटो काढून ऑफिसला पाठवली होती. सहलीचा खोळंबा होतो, लीडरचं लक्ष एकाच प्रवाशाकडे असतं, वगैरे.

"उद्या राजांच्या दरीत त्या बाईला नेऊ नका," मालक म्हणाले. "थडग्यात उतार असतो, पडली बिडली तर? हॉटेलात ठेवा. पोट बिघडलं म्हणा. काय म्हणायचं ते तुम्हाला चांगलं जमतं."

मला चांगलं जमतं, हे खरं होतं.

खूप वर्षांपूर्वी ते मी केलंही होतं. अलिबागकडचे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. गुडघे गेलेले. शाळेच्या पुस्तकात त्यांनी त्या दरीचं चित्र पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिथे जायचं मनात होतं. मालकांनी असंच सांगितलं आणि मी अण्णांना गोड बोलून हॉटेलात ठेवलं. दुपारी परत आलो तेव्हा ते लॉबीत बसलेले होते. डोक्याला टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, पायांत बूट. सकाळपासून तसेच. "झालं का बघून?" त्यांनी मला विचारलं. "छान होतं ना?" मी "हो" म्हटलं आणि रिसेप्शनवर काहीतरी काम काढून तिथून निघून गेले. अण्णा आता नाहीत. त्यांना तिथे नेता आलं असतं. एक खुर्ची आणि दोन माणसं लागली असती.

खोलीत आले तेव्हा म्हात्रेबाई उद्याची साडी चाचपून ठेवत होत्या. "काय झालं?"

"काही नाही."

"मी सगळी नोकरी लोकांचे आवाज ऐकले. 'काही नाही'चा आवाज असा नसतो."

मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर, हेही लिहायलाच हवं, मी म्हटलं, "उद्याचा एक दिवस थांबलात तर... दुपारी मी तुम्हाला पुन्हा कार्नाकला नेईन."

त्या पलंगावर बसल्या. घडी केलेली साडी मांडीवर. मग म्हणाल्या, "मी थांबनार नाय. तू बोललीस तरी नाय. गाडी करून जाईन."

"एकट्या? तुम्हाला भाषा येत नाही."

"ज्यांना डोळे हायत त्यांना कुठं येतंय अरबी?"

मी हसले. मग मला रडू आलं, आणि मग असा काही राग उसळला की काय सांगू. मालकांचा, सबनीसांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या गोड जिभेचा. मी मालकांना निरोप पाठवला, 'म्हात्रेबाई उद्या येत आहेत.' आणि फोन बंद केला.

सकाळी बस नाईलच्या पश्चिमेकडे निघाली. मी माइक हातात घेतला. एरवी या वेळी मी पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि बाथरूम यांच्या सूचना द्यायचे.

"एक तक्रार ऑफिसला गेली आहे," मी म्हटलं. "ती मला थेट सांगितली असती तर बरं झालं असतं. आज म्हात्रेबाई तिन्ही थडग्यांत येणार आहेत. ज्यांना उशीर होईल असं वाटतं त्यांनी मगदीबरोबर पुढे जावं. मी मागून येईन."

"म्हणजे आम्हाला टूर लीडर नाही?" सबनीस उभे राहिले. "आम्ही पूर्ण पैसे भरलेत."

"त्यांनीही पूर्णच भरलेत."

"पण त्यांना दिसत नाही! मी वाईट अर्थाने नाही म्हणत. थडग्यात बघण्याशिवाय आहे काय?"

तेव्हा मधल्या रांगेतून तो आवाज आला. स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "सबनीस साहेब, गिझाला माझ्यामुळे वीस मिनिटं गेली, मान्य. परवा एडफूला बस पस्तीस मिनिटं थांबली. तुमची टोपी देवळात राहिली होती. अस्वानला पंचवीस मिनिटं, तुम्ही कार्यक्रमाचा कागद शोधत होता. मी तक्रार केली नाही. मला बसमध्ये बसायला आवडतं, लोक काय काय बोलत असतात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सबनीस खाली बसले.

एका तिकिटात तीन थडगी बघता येतात. डोंगराच्या पोटात खोदलेले लांब बोगदे, खाली लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा. पहिल्या थडग्यात मी म्हात्रेबाईंना घेऊन उतरले आणि सांगायला लागले, "इथे एक देव आहे, खूप सुंदर. रंग तर अप्रतिम—"

त्या थांबल्या. "सुंदर म्हणू नकोस. मला त्याचं काय करायचंय? कोण हाय, कुठं बघतोय, हातात काय हाय ते सांग."

मी पुन्हा बघितलं. "कोल्ह्याचं डोकं, माणसाचं अंग. उजवीकडे बघतोय. हातात काठी."

"माझ्यासारखी?"

"उंच. तुमच्या खांद्याएवढी."

"हां, आता दिसला."

त्या थडग्यांत मी कितीदा तरी उतरले असेन. प्रत्येक वेळी फळ्यांवरची डोकी मोजली, भिंत कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी पाहावी लागली, आणि मला ती नीट पाहताही येत नव्हती. दुसऱ्या थडग्यात मला रंग सांगताना शब्द सापडेनात. पिवळा म्हटलं की त्या विचारायच्या, "कसला पिवळा?" सहा वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी रंग पाहिलेले होते, आणि ते त्यांनी जपून ठेवले होते.

मागून आवाज आला, "भिजवलेल्या मुगाच्या डाळीचा."

सबनीसवहिनी. सगळा ग्रुप पुढे गेला होता आणि त्या एकट्या परत वळून आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. चार दिवसांत त्या फारसं काही बोलल्याच नव्हत्या.

तिसऱ्या थडग्यात आम्ही तिघी उतरलो. आत गेलो तशी हवा जड आणि कोमट झाली. शेवटच्या दालनात प्रचंड दगडी शवपेटी आणि वर छत. वहिनींनी मान मागे टाकली आणि सावकाश सांगू लागल्या. "एक बाई आहे. छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी. वाकलेली. हाताची बोटं एका टोकाला टेकलीत, पायाची दुसऱ्या. मागे निळं. कपड्यांची नीळ बादलीत टाकली की पहिल्यांदा कशी पसरते, तसं. तिच्या तोंडाशी तांबडा गोळा आहे."

"काय करते गोळ्याचं?"

मगदी आमच्यासाठी मागे आला होता. त्याने सांगितलं, ही आकाशाची देवी. संध्याकाळी ती सूर्य गिळते. रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि सकाळी ती त्याला जन्म देते. रोज. त्याने म्हात्रेबाईंचा तळहात मागून घेतला आणि त्यावर बोटाने ती वाकलेली देवी काढली. मनगटाशी तोंड, बोटांच्या टोकाशी पाय.

म्हात्रेबाईंनी मूठ मिटली. बराच वेळ तशीच ठेवली. पलीकडे दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा ग्रुप आला आणि गेला. मी घड्याळ बघितलं नाही.

वर आलो तेव्हा सबनीस बाकावर बसले होते. "इतका वेळ?" ते पत्नीला म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हाला छतावर काय होतं ते सांगता येईल का?"

सबनीसांनी पाण्याची बाटली तेवढी पुढे केली, आधी पत्नीपुढे आणि मग, जरा अडखळून, म्हात्रेबाईंच्या हातात.

दरीतून परतताना ठरल्याप्रमाणे दगडी वस्तूंच्या दुकानात थांबा होता. तिथे ओसरीवर कारागीर जुन्या चित्रांच्या नकला कोरत बसतात. मगदीने एका म्हाताऱ्या कारागिराशी बोलून म्हात्रेबाईंना त्याच्यासमोर बसवलं. दगडात नुकताच कोरलेला चेहरा. इथे हात लावायला कुणाची मनाई नव्हती. त्यांनी कपाळ, नाक, ओठ चाचपले. मग बोटं डोळ्यावर थांबली, मागे गेली, पुन्हा डोळ्यावर आली.

"अगो, चेहरा बाजूनं हाय, आणि डोळा पुढून काढलाय!"

"हो. त्यांच्याकडे तसाच काढायचे."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की दुकानातली माणसं बाहेर आली. म्हातारा कारागीरही हसला, त्याला काय कळलं देव जाणे. तेवीस वर्षांत हजारो माणसांना मी ती चित्रं दाखवली. त्या डोळ्याबद्दल मला एकानेही विचारलं नव्हतं.

पनवेलला परतल्यावर मालकांनी दोन कागद पुढे ठेवले. एक माफीपत्र. दुसरा कागद नवीन नियमाचा. यापुढे दृष्टिहीन आणि अपंग प्रवाशांना सोबत्याशिवाय घेतलं जाणार नाही, आणि खाली ज्येष्ठ लीडर म्हणून माझी सही.

"सही करा आणि विषय संपवा," मालक म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तान तुमचंच आहे."

मी दोन्ही कागद वाचले आणि परत दिले. "काही झालं असतं तर मी जबाबदार होते," मी म्हटलं. "काहीच झालं नाही, त्यालाही मीच जबाबदार आहे. माफी कशाची लिहू?"

तुर्कस्तान दुसऱ्या कुणाला मिळालं. पुढची दोन वर्षं मी कोकणदर्शनच्या बसवर काढली. सोलकढी पुरते का बघायचं, गणपतीपुळ्याला चपला सांभाळायच्या, आणि मग रिटायर झाले. त्या नियमाखाली सही दुसऱ्याच कुणीतरी केली असणार. मी केली नाही, एवढं मला पुरतं. अण्णांच्या बाबतीत मात्र कशानेच पुरत नाही.

मागच्या थंडीत सुकापूरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाने म्हात्रेबाईंना बोलायला बोलावलं. ही कल्पना वहिनींची, त्या तिथल्या सभासद. विषय होता 'माझा इजिप्तचा प्रवास'. हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत बसले, सवयीने डोकी मोजली.

म्हात्रेबाई उभ्या राहिल्या, माइक तोंडाशी नीट लावून घेतला. सुरुवात करणार तोच पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हात वर करून उठले. माणूस वाईट नव्हता, प्रामाणिकपणे विचारत होता.

"बाई, राग मानू नका. पण तुम्हाला तर दिसत नाही. मग तुम्ही आम्हाला तिथलं काय सांगणार?"

हॉलमध्ये खुर्च्यांची चुळबुळ झाली. वहिनी पुढे व्हायला लागल्या. म्हात्रेबाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"तुम्ही गेला आहात का तिकडे?"

"नाही."

"मग बसा," म्हात्रेबाई म्हणाल्या.